पदकावरचा वाघ

आपल्या सातारा-सांगली भागात पदकाचे अप्रूप कुणाला सांगावे लागत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात या भागातून खंडीभर माणसे गेली, काही परत आली, आणि त्यांच्याबरोबर एक काशाचे गोल पदक आले. ते पुढे ट्रंकेत पडले, नाही तर चौकटीत गेले. त्या पदकावर एक पंख असलेली बाई उभी आहे आणि तिच्या हातात झाडाची एक डहाळी आहे. माझ्या माहितीच्या एका घरात ती देव्हाऱ्यात आहे. तिला लक्ष्मी समजून रोज हळदकुंकू लागते. मला त्यात काही वावगे वाटत नाही. ती देवताच आहे, फक्त आपल्याकडची नव्हे. ती रोमन लोकांची विजयदेवता, तिचे नाव व्हिक्टोरिया. हातातली डहाळी खजुराच्या जातीची, म्हणजे विजयाची खूण.

ही बाई दोन हजार वर्षांचा प्रवास करून आपल्या ट्रंकेत कशी पोचली, हे पाहायचे तर सतराव्या शतकातल्या युरोपात जावे लागते. या काळातल्या आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या तिकडच्या कलेला बरोक म्हणतात. भरगच्च, नाट्यमय, थोडी मिरवणारी कला. या कलेला स्मृतिपदकांचे फार वेड होते. स्मृतिपदक म्हणजे नाणे नव्हे. त्याने बाजारात वांगीसुद्धा मिळत नाहीत. लढाई जिंकली, तह झाला, राजपुत्र जन्मला की ते पाडायचे आणि वाटायचे. इटलीत पिसानेल्लो नावाच्या चित्रकाराने 1438च्या सुमारास ही रीत सुरू केली आणि बरोक काळात तिचा कारखाना झाला.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर या कामासाठी पंडितांची समितीच नेमली. 1663 साली त्याचा मंत्री कोल्बेर याने चार विद्वान बसवले. राजाच्या पराक्रमांना शोभेल असे चित्र आणि लॅटिन वाक्य सुचवायचे, हे त्यांच्या मुख्य कामांपैकी एक. त्या पदकांचा ग्रंथ 1702 साली निघाला, त्यात 286 पदके आहेत. म्हणजे राजाची बखर, पण धातूत लिहिलेली. मांडणी ठरलेली असे. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला रूपकाचे चित्र, कडेने वाक्य, तळाशी साल.

रूपके कुठून आणायची? त्याला कोश होता. चेझारे रीपा नावाच्या इटालियन गृहस्थाने 1593 साली एक पुस्तक काढले, पुढे 1603च्या आवृत्तीत चित्रे आली. न्याय कसा दाखवायचा, कीर्ती कशी, मत्सर कसा, सगळे त्यात सांगितलेले. आम्हा कवींना ही गोष्ट अनोळखी नाही. चातक पावसाचेच पाणी पितो, चकोर चांदणे पितो, हंस दूध आणि पाणी वेगळे करतो. हे कुणी पाहिले आहे? कुणीच नाही. पण सगळ्यांना ठाऊक आहे. याला आपण कविसंकेत म्हणतो. रीपाचे पुस्तक म्हणजे चित्रकारांचे कविसंकेत.

आता आपल्याकडे वळतो. लुईचे पंडित पॅरिसमध्ये रूपके जुळवत होते, त्याच वर्षांत सह्याद्रीत शिवाजी महाराजांचे राज्य उभे राहत होते. 1674च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. त्याने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाले पाहिले. एकीकडे मोठ्या दातांच्या माशांची मुंडकी, दुसरीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका उंच भाल्यावर सोन्याचा तराजू. तराजू म्हणजे न्याय, हे त्या इंग्रजाला कुणी समजावून सांगावे लागले नाही. युरोपातल्या पदकांवर न्यायदेवतेच्या हातात तोच तराजू असतो.

फरक कुठे पडतो, तर चेहऱ्यात. आपल्याकडे राजाचा चेहरा धातूवर नाही. शिवराई हातात घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. अक्षरे आणि फक्त अक्षरे. महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेवरही चित्र नाही, पण त्या संस्कृत श्लोकात चित्र आहे. प्रतिपदेच्या चंद्राच्या कोरीसारखी रोज वाढत जाणारी, जगाने वंदावी अशी ही मुद्रा लोकांच्या भल्यासाठी शोभते, असा त्याचा आशय. लुईनेही आकाशातलाच दागिना उचलला होता. त्याचे चिन्ह पृथ्वीवर तळपणारा सूर्य, आणि वाक्य असे की, हा एकटा अनेकांना पुरून उरेल. त्याच्या सूर्यापेक्षा आपली चंद्रकोर वयाने थोडी मोठीच आहे. कवी म्हणून मला विचाराल तर चंद्रकोरीची निवड अधिक हुशारीची. माथ्यावरच्या सूर्याला पुढे उतरण्याखेरीज वाट नसते. कोर मात्र वाढणारच आहे.

पण चिन्हे एकनिष्ठ नसतात. 1683 साली तुर्कांचा व्हिएन्नाला पडलेला वेढा उठला, तेव्हा जर्मन मुलखात पदकांचा पाऊस पडला. त्यांवर चंद्रकोर आहे, पण ती हरलेल्या शत्रूची. आमच्या घरी कोर दिसली की ईद, शेजारच्या काकूंच्या कपाळावर ती कुंकवाची, राजमुद्रेत ती वाढत्या राज्याची आणि व्हिएन्नात ती पायाखालची. चंद्र बिचारा एकच.

चित्राइतकीच गंमत पदकावरच्या अक्षरांत आहे. बरोक पदककारांना एक खेळ फार आवडे. लॅटिन अक्षरांतली काही अक्षरे आकडेही असतात. एम म्हणजे 1000, डी 500, सी 100, एक्स 10, व्ही 5, आय 1. वाक्य असे रचायचे की, ही अक्षरे मोठी काढून बेरीज केली की साल निघावे. स्वीडनचा राजा गुस्ताव अडोल्फ याच्या पदकावरचे असे एक वाक्य प्रसिद्ध आहे, ख्रिस्त आमचा सेनापती, म्हणून आमचा विजय, अशा अर्थाचे. त्यात एम, डी, सी, एक्स एकेकदा, व्ही चार वेळा आणि आय दोनदा येतो. बेरीज करून पाहा, 1632. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो राजा लढाईत मारला गेला.

हे वाचले तेव्हा मला हसू आले, कारण हा खेळ मी लहानपणी मशिदीच्या मकतबात शिकलो होतो. अरबी अक्षरांनाही आकडे असतात. अलिफ 1, बे 2, जीम 3, दाल 4 असे करत हजारापर्यंत. रिक्षावर, ट्रकवर, दुकानाच्या पाटीवर आपण 786 पाहता, ती 'बिस्मिल्ला'च्या पूर्ण वाक्यातल्या अक्षरांची बेरीज. मशीद बांधली, कुणी वारले, किल्ला जिंकला की, फारसी शायर बेरजेतून साल निघेल अशी ओळ रचत. तिला तारीख म्हणतात. आणि संस्कृत पंडित? तेही मागे नव्हते. चंद्र म्हणजे 1, नेत्र 2, वेद 4, बाण 5, आणि अंक वाचायचे उजवीकडून डावीकडे. शिलालेखांतले कितीतरी शक असे शब्दांत दडलेले आहेत.

मराठी दफ्तराने यातून आपला वेगळा मार्ग काढला. तो मला सगळ्यांत लाडका. छत्रपती-पेशव्यांच्या मोडी कागदांवर सुहूर सनाचे आकडे असतात आणि ते चक्क अरबी शब्दांत असतात. पानिपतची लढाई 1761च्या जानेवारीत झाली. त्या वर्षीचा सन 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे 1161. लिहिणारा चित्पावन किंवा प्रभू कारकून, लिपी मोडी, भाषा मराठी, आणि साल अरबी. त्याला यात काही विशेष वाटत नव्हते. पत्र संपले की शेवटी 'मोर्तब' उठवायचा, तो शब्दही तिकडूनच आलेला. तो शिक्का नसेल तर खाली कुणी दोन ओळी घुसडल्याची शंका. पेशव्यांच्या मुख्य शिक्क्यावर आधी साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे नाव येते, मग पेशव्याचे. सत्ता पुण्याला गेली तरी शिक्का साताऱ्याचेच नाव सांगत राहिला.

हे सगळे मी सांगितले ते एका पदकासाठी. रेडिओवर ते आपल्या हातात देता येत नाही, तेव्हा शब्दांनीच फिरवून दाखवतो.

1799च्या मे महिन्याची 4 तारीख. कंपनीच्या फौजेने श्रीरंगपट्टणच्या तटाला भगदाड पाडून दुपारी एकच्या सुमारास हल्ला केला. टिपू सुलतान लढता लढता पडला. या विजयाचे पदक इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्यात पाडले गेले. कारखाना मॅथ्यू बोल्टनचा, वाफेच्या यंत्रासाठी जेम्स वॉटबरोबर भागीदारी करणारा तोच. साचा कोरणारा क्यूख्लर नावाचा जर्मन कारागीर. पदक पाच तऱ्हांचे. बड्या सेनापतींना सोन्याचे, त्याखालच्यांना मुलामा दिलेल्या चांदीचे, मग साध्या चांदीचे, मग काशाचे, आणि साध्या शिपायाला कथलाचे. भगदाडातून पहिले कोण शिरले असेल, याचा हिशेब धातूने केलेला दिसत नाही.

एका बाजूला तटावरचा हल्ला आहे आणि वर माथ्यावर सूर्य. हा लुईचा सूर्य नव्हे, हा घड्याळाचा सूर्य. हल्ला दुपारी झाला, एवढेच तो सांगतो. खाली फारसीत लिहिले आहे, त्याचा भावार्थ, श्रीरंगपट्टण ईश्वराने दिले. टिपू आपल्या राज्याला 'खुदादाद सरकार' म्हणत असे, म्हणजे ईश्वराने दिलेले राज्य. ज्याचे राज्य घेतले त्याचाच शब्द.

आता पदक उलटे करा. एक सिंह एका वाघाच्या उरावर बसला आहे. सिंह ब्रिटनचा. वाघ कुणाचा, हे सांगायला नको. टिपूच्या सिंहासनावर, तोफांवर, शिपायांच्या कपड्यांवर वाघ आणि वाघाचे पट्टे होते. एका गोऱ्या माणसाला खाणारा त्याचा लाकडी वाघ आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तर पदकावर हा वाघ चीत झाला आहे आणि सिंहाच्या वर ब्रिटिश निशाण फडकते आहे. त्या निशाणावर अरबी अक्षरे आहेत.

मी त्या पदकाचे छायाचित्र पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ती अक्षरे सहज लागली आणि मी चमकलो. 'असदुल्लाह अल-गालिब'. क्षणभर वाटले, मिर्झा गालिबचे नाव इथे कसे? त्याचे खरे नाव असदुल्लाह खान आणि टोपणनाव गालिब. पण पदकातल्या लढाईच्या वेळी तो आग्र्यात दीड वर्षाचा होता. हे शब्द त्याच्या कितीतरी आधीचे. असदुल्लाह म्हणजे ईश्वराचा सिंह, गालिब म्हणजे विजयी. ही हजरत अलींची पदवी आहे. टिपूने ती आपल्या शस्त्रांवर आणि निशाणांवर घातली होती. काही ठिकाणी तर ही अक्षरे वळवून त्यांतून वाघाचा चेहरा काढलेला आहे. अरबीत असद म्हणजे सिंह, पण आपल्याकडच्या बोलीत 'शेर' दोघांनाही चालतो, त्यामुळे टिपूच्या वाघाला सिंहाची पदवी लावायला अडचण आली नाही.

कंपनीने काय केले, तर वाघ खाली पाडला आणि त्याची पदवी उचलून आपल्या सिंहाच्या निशाणावर लावली. बर्मिंगहॅममध्ये, जर्मन कारागिराच्या हातून, एका ख्रिस्ती कंपनीच्या विजयाचे श्रेय अरबीत हजरत अलींना गेले! गंमत बाजूला ठेवली, तर यात मोठा कावा आहे. ही अक्षरे इंग्रज अधिकाऱ्याला वाचता येणार नव्हती. ती वाचणारा होता हिंदी शिपाई आणि हिंदी दरबारी. त्याला सांगायचे होते की, तुमच्या देवाचा सिंह आता आमच्याकडे आला आहे. लुईच्या पंडितांनी जे लॅटिनमध्ये केले, ते कंपनीने अरबीत केले. जित लोकांच्या भाषेत त्यांनाच त्यांचा पराभव सांगायचा. रीपाच्या कोशात हे कलम नसावे.

या गोष्टीत आपला तासगावचा माणूसही आहे, मात्र पदकावर तो नाही. त्याआधीच्या, 1790 ते 1792च्या युद्धात मराठे आणि निजाम कंपनीच्या बाजूने टिपूशी लढले. परशुरामभाऊ पटवर्धनांनी कित्येक महिने धारवाडला वेढा घातला, 1791च्या एप्रिलात किल्ला हाती आला. मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची इंग्रज पलटण त्यांच्याच सोबत होती. युद्ध संपल्यावर कंपनीने आपल्या हिंदी शिपायांसाठी एक पदक काढले. त्यावर एक शिपाई ब्रिटिश निशाण उंच धरून, शत्रूचे निशाण उलटे धरून, पडलेल्या तोफेवर पाय देऊन उभा आहे. मागे किल्ला. मराठ्यांचा भगवा नाही, निजामाचे निशाण नाही. दोस्त कुणी होते, असे ते पदक पाहून कुणालाही वाटणार नाही. कंपनीने 1799चे युद्ध केले तेव्हा तर मराठी फौज लढाईत उतरलीच नाही, आणि त्याच सप्टेंबरात परशुरामभाऊ पट्टणकुडीच्या लढाईत करवीरकरांच्या फौजेकडून मारले गेले. तासगावला त्यांच्या गणपतीच्या देवळासमोर सात मजली दाक्षिणात्य गोपूर उभे आहे. कर्नाटकातल्या स्वाऱ्यांत भाऊंनी जे पाहिले, ते असे घरी आले. त्यांचे पदक म्हणायचे तर तेच, आणि ते रथोत्सवाला येणाऱ्या सगळ्यांना दिसते.

1818 साली मराठी राज्य गेले. त्या लढायांचेही पदक निघाले, पण 1851 साली! तोवर जे जिवंत होते त्यांनाच ते मिळाले. 1818ला पंचविशीत असलेला शिपाई आता साठीकडे झुकलेला. त्यावर आपली ओळखीची व्हिक्टोरिया बसलेली आहे आणि शेजारी ताडाचे झाड आहे, म्हणजे हा हिंदुस्थान. फितीवर लढायांच्या नावांच्या पट्ट्या असत. खडकी आहे, कोरेगाव आहे, महिदपूर आहे. आष्टी नाही. बापू गोखले जिथे पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह जिथे इंग्रजांच्या हाती आले, त्या लढाईला पट्टी मिळाली नाही.

त्याच प्रतापसिंह महाराजांची एक हकिगत इथे सांगितली पाहिजे. कंपनीने त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, आणि 1835 साली लंडनच्या संचालकांनी त्यांच्या कारभारावर खूश होऊन एक रत्नजडित तलवार आणि गौरवाचे पत्र धाडले. तलवार मुंबईला पोचली. मुंबई सरकारचे मन तोवर महाराजांविरुद्ध गेले होते. तलवार साताऱ्याला आलीच नाही. 1839च्या सप्टेंबरात महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि 1853पर्यंत तिथे भांडत राहिले. दरम्यान 1847 साली महाराज काशीतच वारले आणि 1848 साली राज्य खालसा झाले. कंपनीला मानचिन्हांची भाषा किती नेमकी येत होती पाहा. द्यायचे काय हे तिला कळत होते, आणि अडवून काय सांगायचे हेही.

स्वतंत्र भारताला आपली पदके करायची वेळ आली, तेव्हा परमवीर चक्राची आखणी एका मराठी सुनेकडे आली. सावित्रीबाई खानोलकर. मूळच्या स्वित्झर्लंडच्या, माहेरचे नाव ईव्ह. लष्करातले विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या इकडच्या झाल्या, संस्कृत शिकल्या, पुराणे वाचली. ज्या युरोपाने विजयदेवता आणि सिंह यांची पदके घडवली, तिथेच त्या वाढलेल्या. त्यांना सिंह-वाघ सहज काढता आला असता. त्यांनी दधीचीची कथा घेतली. वृत्रासुराला मारण्यासाठी देवांना वज्र हवे होते आणि ते दधीची ऋषींच्या हाडांचेच होणार होते, म्हणून ऋषींनी देह ठेवला. परमवीर चक्रावर मध्ये सारनाथच्या सिंहांची राजमुद्रा आणि तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे आहेत. उरावर कुणी बसलेले नाही, पायाखाली कुणी नाही. ज्याचे हाड आहे तो दाता मात्र त्या चार वज्रांत आहे. 26 जानेवारी 1950ला ते जाहीर झाले आणि जिवंतपणी ते मिळवणारे पहिले वीर ठरले कारवारकडचे रामा राघोबा राणे. पदक काशाचे आहे, शिपायालाही आणि अधिकाऱ्यालाही तेच. मागच्या बाजूला हिंदीत आणि इंग्रजीत नाव कोरलेले आहे, आणि दोन नावांच्या मध्ये दोन कमळे.